तुटलेलं सूत, चुकलेला सांधा

(सोलापुरात एका विज्ञान व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'पेशी-आनुवंशिकी' असं छापलंय. ते वाचून काही जण घरीच थांबले असतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या क्रोमोसोमला आज आपण गुणसूत्र म्हणतो. त्यालाच 'रंगसूत्र' असाही एक शब्द आहे, मला तो जास्त आवडतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'रंगीत वस्तू' असाच आहे, कारण रंग दिल्याशिवाय ती सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतच नाही. रंग आणि सूत. सोलापूरकराला यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. डबा द्यायला गेले की मी त्यांच्यामागं उभी राहून बघत बसायची. उभ्या ताण्यातला एखादा धागा तुटला की ते माग थांबवायचे, दोन टोकं हुडकायचे, चिमटीत धरून गाठ मारायचे, की माग परत सुरू. कापडावर खूण म्हणून राहायची नाही. खरी पंचाईत व्हायची ती शेजारशेजारचे दोन धागे एकदम तुटल्यावर. आता टोकं झाली चार. घाईत ह्याचं टोक त्याला बांधलं गेलं की चादरीवरच्या फुलात हिरव्याच्या जागी लाल यायचा आणि मालक तो तुकडा वडिलांच्या अंगावर टाकायचा.

पुढं जवळजवळ चाळीस वर्षं मी प्रयोगशाळेत जे बघत बसले ते एवढंच. एक तुटलं तर सांधता येतं. एकाच वेळी, जवळजवळ, दोन तुटली तर सांधा चुकू शकतो. तुटण्याची भीती सगळ्यांना असते, चुकीच्या सांध्याची कुणाला नसते. म्हणून आज त्यावर बोलायचं ठरवलं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, आणि त्यांच्यातला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. एवढं लांब सूत रोज कुठंतरी झिजतं, उसवतं. श्वासातल्या ऑक्सिजननं होतं, शरीराच्या उष्णतेनं होतं, काही न करता होतं. एका पेशीत दिवसाला अशा हजारो इजा होतात आणि पेशी त्या दुरुस्त करते. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या तिघांना, लिंडाल, मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना, २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनए दुपदरी असतो. एक पदर तुटला तर दुसरा समोर असतो, त्याच्याकडं बघून पेशी तो विणून घेते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर मात्र गुणसूत्राचेच दोन तुकडे. क्ष-किरणांचा किंवा गॅमा किरणांचा १ ग्रे डोस (ग्रे हे शरीरात मुरलेल्या किरणांचं माप), म्हणजे बराच मोठा डोस, एकदम मिळाला तर पेशीमागं साधारण १००० एकपदरी आणि ४० दुपदरी तुटी होतात. त्यातल्याही बहुतेक पेशी दुरुस्त करते. उरतात त्या थोड्या, आणि माझा पगार त्या थोड्यांवर चालला.

हे बघायचं कसं, त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. निकालापेक्षा मला करणीच जास्त आवडते.

हातातून दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचं. त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी स्वस्थ बसलेल्या असतात, विभाजन करत नाहीत. आणि गुणसूत्रं वेगवेगळी, जाडजूड दिसतात ती पेशी विभागायला निघते तेव्हाच. तर झोपलेल्याला उठवायचं कशानं? राजम्यानं. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. पूर्वी रक्तातल्या लाल पेशींचे गोळे करून त्या बाजूला काढायला ते वापरत. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की हे घातलं की पांढऱ्या पेशी चक्क विभागायला लागतात. तेव्हापासून जगभर रक्तातली गुणसूत्रं या घेवड्याच्या भावाच्या जोरावर बघितली जातात. (राजमा कच्चा राहिला तर उलट्या होतात त्याही याच प्रथिनामुळं. भिजवा, खदखदून उकळा, मग खा.)

मग ३७ अंशांवर ४८ तास. शेवटचे दोन-तीन तास राहिले की कोल्चिसीन घालायचं. आपल्याकडं पावसाळ्यात रानात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी फुलते, तिच्या कंदात हेच विष असतं. मेंढपाळाला विचारा, तो जनावरं तिच्यापासून लांब ठेवतो. गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे पेशीतले दोर कोल्चिसीन बांधूच देत नाही. त्यामुळं पेशी ऐन विभाजनाच्या मध्यावर अडकून बसते, गुणसूत्रं छान आखूड आणि जाड झालेली असताना.

त्यापुढची पायरी सापडली ती एका चुकीतून. अमेरिकेत टेक्सासमध्ये टी. सी. ह्सू काम करत होते. एके दिवशी त्यांच्या पेशींतली गुणसूत्रं एकमेकांत गुंतलेली न दिसता सुटी सुटी पसरलेली दिसली. असं का झालं हे शोधण्यात त्यांचे महिने गेले. शेवटी उलगडलं ते असं की पेशी धुवायच्या पाण्यात कुणीतरी मीठ कमी घातलं होतं. कमी खारं पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगते, आतली गुणसूत्रं एकमेकांपासून लांब होतात. मीठ कुणी कमी घातलं ते कधीच कळलं नाही. ही १९५२ ची गोष्ट. मजा म्हणजे इतकं स्वच्छ दिसत असूनही माणसाची गुणसूत्रं ४८ असंच ह्सू धरून चालले, कारण पुस्तकात तसं होतं. ४६ हा आकडा योग्य ठरला तो डिसेंबर १९५५ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड इथं, जो हिन त्जियो आणि अल्बर्ट लेव्हान यांच्या हातून. पुस्तकातला आकडा आणि डोळ्यांसमोरचा आकडा यांत भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं, हे मी मुलांना ह्सूंच्या उदाहरणानं शिकवते. तेही थोर होते, म्हणूनच ते उदाहरण.

शेवटी पेशी मिथेनॉल आणि असेटिक आम्लात पक्क्या करून, गार काचपट्टीवर वीतभर उंचीवरून एक थेंब टाकायचा. तो थेंब सुकताना पेशी चपटी होते आणि गुणसूत्रं पसरतात. इथं सोलापूर आडवं येतं. मी मुंबईत शिकले, तिथल्या दमट हवेत थेंब सावकाश सुकायचा आणि गुणसूत्रं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मोकळी बसायची. इथं एप्रिलमध्ये पहिल्यांदा करायला घेतलं आणि सगळं मुसळ केरात. बेचाळीस अंशांत, कोरड्या हवेत, थेंब पडतो न पडतो तोच सुकायचा आणि गुणसूत्रं एका ढिगात. तीन आठवडे मी रसायनांना शिव्या घातल्या. मग आईनं माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं बघितलं आणि डोक्यात उजेड पडला. टेबलाभोवती चार ओले टर्किश टॉवेल टांगले, सोलापुरीच, आणि गुणसूत्रं मोकळी व्हायला लागली. शोधनिबंधात हे लिहिता येत नाही. तिथं 'आर्द्रता नियंत्रित केली' असं लिहितात.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू. निरोगी गुणसूत्राला एक आकुंचलेली कंबर असते, तिला सेंट्रोमिअर म्हणतात. विभाजनात दोर तिथं बांधला जातो. दोन वेगळी गुणसूत्रं तुटली आणि चुकीची टोकं जोडली गेली, तर कधी दोन कंबरांचं एक गुणसूत्र तयार होतं. त्याला आम्ही डायसेंट्रिक म्हणतो. उरलेले बिनकंबरेचे तुकडे जुळून बाजूला पडतात. डायसेंट्रिकचे पुढं हाल होतात. एका कंबरेला एक दोर डावीकडं ओढतो, दुसरीला दुसरा उजवीकडं. मध्ये पूल ताणला जातो आणि तुटतो. मक्यातला हा खेळ बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीला बारकाईनं उकलला होता: तूट, जोड, पूल, परत तूट. त्यांना नोबेल मिळायला १९८३ साल उजाडलं, तेही मक्यावरच्याच दुसऱ्या शोधासाठी.

आमच्या धंद्यात डायसेंट्रिकला मान आहे, कारण तो निसर्गतः फार कमी आढळतो. किरणोत्सर्गाशी संबंध न आलेल्या माणसाच्या साधारण हजार पेशींत एखादा. १ ग्रे डोस एकदम मिळाला तर शंभर पेशींत आठ ते दहा. २ ग्रे मिळाला तर? दुप्पट म्हणाल तर चुकाल, साधारण तिप्पट होतात. कारण डायसेंट्रिकला दोन तुटी लागतात. डोस वाढला की तुटी वाढतात, आणि दोन तुटी एकमेकींच्या शेजारी, एकाच वेळी असण्याचा संभव त्याहून जास्त वाढतो. कार्ल सॅक्स यांनी १९३८ साली ट्रॅडेस्कॅन्शिया नावाच्या झाडाच्या गुणसूत्रांवर क्ष-किरण सोडून हे मांडलं. आणि याचीच दुसरी बाजू: तोच डोस सावकाश, थोडा थोडा मिळाला तर डायसेंट्रिक कमी होतात. पहिली तूट सांधून झाल्यावर दुसरी होते, टोकांची गल्लत होत नाही. माझ्या वडिलांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये कुणाला 'शेक' द्यायला, म्हणजे किरणोपचाराला, नेलं असेल, तर तुम्हाला प्रश्न पडला असेल की रोज एवढं एवढंच का, एकदाच का देत नाहीत. रोज साधारण २ ग्रे देऊन मध्ये रात्र सोडतात त्याचं एक मोठं कारण हेच. निरोगी पेशींना रात्रीत सांधायला वेळ मिळतो, कर्कपेशींना ते तितकंसं जमत नाही. केरळात कोल्लमजवळ चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यातल्या थोरियममुळं तिथले लोक पिढ्यानपिढ्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्गात राहतात. तिथल्या नवजात बाळांची गुणसूत्रं वर्षानुवर्षं तपासली गेली आणि मोडतोड ठळकपणे वाढलेली दिसली नाही. डोस असतो, पण वर्षभर पसरलेला.

२०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात एक जुनं गॅमा उपकरण आलं. आत कोबाल्ट-६० होतं. कामगारांनी ते फोडलं. काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, चकाकतं म्हणून एकानं तुकडा खिशात ठेवला. लोक आजारी पडले, एकजण गेला. अशा वेळी डॉक्टरांपुढं पहिला प्रश्न असतो की याला डोस किती मिळाला. भंगारवाल्याच्या छातीवर कुणी मोजणीचा बिल्ला लावलेला नसतो. तेव्हा रक्त घेतात आणि डायसेंट्रिक मोजतात. रक्तच बिल्ला. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात टाकून दिलेल्या उपचारयंत्रातलं सीझियम-१३७ असंच भंगारातून गावभर पसरलं, चार जण दगावले, आणि तिथंही डायसेंट्रिकच मोजले गेले.

या पद्धतीची तळरेषा साधारण १०० मिलिग्रे. त्याखालचं तिला दिसत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये मिळतो तो डोस ०.१ मिलिग्रे किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हजार एक्स-रे एकदम काढले तर कुठं माझ्या काचपट्टीवर काही दिसायची आशा. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण १० मिलिसीव्हर्ट (किरणांच्या शरीरावरच्या परिणामाचं माप) मिळतात, आणि निसर्गातून जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतातच. एक्स-रेला घाबरून न्यूमोनिया अंगावर काढणारी माणसं मी बघितली आहेत. खिशात मावा असतो, तो वेगळा.

तर आता रसायनांकडं.

किरणांनी आनुवंशिक बदल होतात हे हर्मन मुल्लर यांनी १९२७ साली फळमाशीवर दाखवलं आणि त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. रसायनं तसं करू शकतात का, यावर बरीच वर्षं खात्रीचं काही हाती लागेना. ते लागलं शार्लट आउअरबाख यांना. या बाई जर्मनीतल्या ज्यू, १९३३ साली हिटलर आल्यावर शाळेतली नोकरी गेली, म्हणून एडिंबरोला आल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. मस्टर्ड गॅसनं कातडीवर होणाऱ्या जखमा लवकर भरत नाहीत, क्ष-किरणांच्या जखमांसारख्याच चिघळतात, हे तिथल्या औषधशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. (मस्टर्ड म्हणजे मोहरी, पण या विषाचा मोहरीशी वासापलीकडं काही संबंध नाही.) आउअरबाख आणि रॉब्सन यांनी इमारतीच्या गच्चीवर उघड्या भांड्यात ते विष गरम करून माश्यांना त्याची वाफ दिली. बाईंचे हात भाजले. माश्यांच्या पुढच्या पिढीत मात्र क्ष-किरणांच्या तोडीचे बदल दिसले. हे १९४१ मध्येच कळलं होतं. पण विषारी वायू म्हणजे युद्धाचं गुपित, त्यामुळं 'नेचर'मध्ये ते छापून यायला १९४६ साल लागलं. पाच वर्षं जगातला एवढा मोठा शोध कपाटात. त्याच विषाच्या चुलत घराण्यातून नायट्रोजन मस्टर्ड आलं, आणि ते कर्करोगावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं. आज वॉर्डात सलाईनमधून सायक्लोफॉस्फामाइड जातं ते त्याच घराण्यातलं.

आउअरबाख यांच्या माश्यांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ती पहिल्या शोधाइतकीच महत्त्वाची. किरणांचा घाव जागच्या जागी बसतो. रसायनाचा पुष्कळदा उशिरा दिसतो, एखाद्या पेशीपिढीनंतरसुद्धा. रसायन सूत तोडतंच असं नाही, ते त्याला चिकटून बसतं. सुतावर गाठ किंवा गोंद राहिला तर बीमवर गुंडाळलेला असेपर्यंत काही बिघडत नाही. फणीतून जाताना अडकतो आणि तेव्हा तुटतो. पेशीचं तसंच आहे. डीएनएची दुसरी प्रत काढायची वेळ येते तेव्हा ती चिकटलेली गाठ आडवी येते. म्हणून किरणांनी अख्खं गुणसूत्र तुटलेलं दिसतं, आणि बहुतेक रसायनांनी नुकत्याच झालेल्या दोन प्रतींपैकी एकच तुटलेली. अनुभवी डोळा काचपट्टी बघून सांगू शकतो की हा घाव बहुधा कशाचा. सगळी रसायनं असं वागत नाहीत. ब्लिओमायसिन नावाचं औषध थेट किरणांसारखं तोडतं. शास्त्रात नियम सांगितला की अपवाद मागच्या बाकावर बसलेलाच असतो.

सोलापूरच्या संदर्भात तुमच्या मनात दोन नावं आली असतील, रंग आणि बिडी. रंगाचं लवकर सांगते. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदानं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचे कर्करोग दाखवले. त्यामागं बेन्झिडीनसारखी द्रव्यं आहेत हे पुढं कळलं, आणि ती सुटी होऊ शकतील अशा अ‍ॅझो रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. रंगशाळेत हातमोजे घाला एवढं सांगून पुढं जाते, कारण मला बिडीवर जास्त बोलायचंय.

मांडीवर सूप, त्यात तंबाखू, हातात कात्री आणि तेंदूचं भिजवलेलं पान. या शहरातल्या हजारो घरांत दिवसाला हजार बिड्यांचा हिशोब चालतो. वळणारी बाई ओढत नाही, पण भुकटी नाकात जाते, बोटांतून निकोटिन भिनतं. १९९० च्या दशकात मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी बिडी-तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड जास्त असल्याचं दाखवलं. ते तंबाखू चाळणारे-कुटणारे, वळणाऱ्या नव्हेत, हा फरक ध्यानात ठेवा.

आम्हालाही वाटलं, विद्यार्थ्यांना घेऊन छोटंसं काही करून बघावं. रक्त नको, गालाच्या आतल्या पेशी. लाकडी पट्टीनं हलकेच खरवडायच्या, काचपट्टीवर रंगवायच्या आणि मायक्रोन्यूक्लियस मोजायचे. विभाजनात दोराला न बांधला गेलेला तुकडा मागं राहतो आणि त्याचं पेशीत वेगळं बारकं केंद्रक बनतं, ते मायक्रोन्यूक्लियस. सुपारी-तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालात ते वाढतात हे १९८० च्या दशकात हान्स स्टिच यांनी दाखवलं होतं. ते तयार होतात गालाच्या तळच्या थरात आणि वर यायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे आज खरवडलं तर मागच्या पंधरवड्याची गोष्ट कळते.

प्रश्नावली घेऊन आम्ही वस्तीत गेलो. बायका बिड्या कारखान्यात देऊन आल्या की दुपारी निवांत असतात. माझ्याबरोबर तेलुगू बोलणारी एक मुलगी होती, नाहीतर मला कुणी दारात उभं केलं नसतं.

"अक्का, तंबाखू खाता का?"

"छ्या! आमच्या घरात कुणी नाही खात."

"मिशरी?"

"ती लावते की. दात घासायचं असतंय ते."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी, जेवल्यावर, परत बिड्या वळताना झोप आली की."

मग तुलनेसाठी म्हणून ज्या बायका बिड्या वळत नाहीत त्यांच्याकडं गेलो. गृहिणी, शिलाईकाम करणाऱ्या, एका शाळेतल्या सेविका. मिशरी तिथंही. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू दिवसातून तीनदा हिरड्यांना लावणारी बाई माझ्या 'तंबाखूपासून दूर' गटात बसवायची कशी? मिशरी न लावणाऱ्या सापडल्या त्या वयानं फारच लहान, आणि वयानुसार मोडतोड वाढतेच. आम्ही तो प्रयत्न सोडून दिला. म्हणून त्यातले आकडे आज तुम्हाला सांगत नाही, कधी छापलेही नाहीत. एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं की मिशरीचा रकाना गाळून टाका, मग सगळं छान दिसेल. छान तर दिसलंच असतं.

एक गोष्ट मात्र कुणालाही करता येईल आणि ती आपल्या गावात फार स्वस्त आहे. कांदा. कांद्याच्या मुळाच्या टोकात पेशी भराभर विभागतात आणि गुणसूत्रं फक्त १६, भरभक्कम. ज्या लेव्हान यांनी माणसाची ४६ मोजली त्यांनीच १९३८ साली कांद्याच्या मुळांवर कोल्चिसीनचा परिणाम पाहिला होता. चांगल्या पाण्यावर एक कांदा ठेवा आणि ज्या नाल्याबद्दल शंका आहे त्याच्या पाण्यावर दुसरा. दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. टोकं खुडून, रंगवून, काचेखाली दाबून बघा. विभाजनात पूल आणि सुटे तुकडे दिसतात का, ते मोजा. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर होतं. कांद्याला झालं म्हणजे माणसाला होईल असं यावरून म्हणता येत नाही, पण पाणी कुणालातरी दाखवायला घेऊन जाण्याइतका पुरावा तयार होतो. आणि आपल्या मार्केट यार्डात कांद्याला तोटा नाही.

गुणसूत्रं मुद्दाम तोडून निदान करायचं, असाही एक प्रकार आहे. काही मुलं फिकट, वाढ खुंटलेली, कधी अंगठा नीट नसलेली अशी येतात. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराची शंका असेल तर त्यांच्या रक्तात प्रयोगशाळेत मायटोमायसिन-सीचा थोडासा डोस घालतात. हे औषध डीएनएचे दोन पदर एकमेकांना टाके घालून जखडतं. तुमच्या-माझ्या पेशी ते टाके बऱ्यापैकी उसवतात. या मुलांच्या पेशींना जमत नाही, आणि गुणसूत्रं तुटून एकमेकांना चिकटतात, चौफुल्यासारखे आकार दिसतात. एकदा पाहिलेले विसरता येत नाहीत. हा आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष आला तर होतो, आणि नात्यात लग्न असेल तर दोघांकडं तोच दोष असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न होतं, काही समाजांत मामा-भाचीचंही होतं. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं धडधाकट असतात, तेव्हा उद्या सोयरिकी मोडू नका. पण घरात एक मूल असं निघालं असेल तर दुसऱ्याआधी बोलून घ्या.

शेवटी प्रश्नोत्तरांत आलेले दोन प्रश्न. पहिल्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं की माझ्या पेशी मोजल्या आणि मोडतोड जास्त निघाली, तर मला कर्करोग होणार का? उत्तरेकडच्या युरोपीय देशांत आणि इटलीत हजारो लोकांची गुणसूत्रं एकदा तपासून ठेवली आणि पुढं वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्या गटात मोडतोड जास्त होती त्या गटात कर्करोगही जास्त निघाले. गटात. त्यातल्या कुणाला होईल ते काचपट्टी सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून खेड्यापाड्यांतले कर्करोगी मोजण्याची नोंदवही चालते, ग्रामीण भागातली देशातली पहिली. ती झाल्यावर मोजते, मी होण्याआधीचं मोजते, आणि दोन्हींच्या मध्ये पंधरा-वीस वर्षांची धुसर वाट आहे. तुमचा एकटीचा आकडा घेऊन मी तुम्हाला घाबरवणार नाही, आणि बरं वाटावं म्हणून काही सांगणारही नाही.

दुसरा प्रश्न मागून आला. एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, तुम्ही जुना माग सांगितला. आमच्या नव्या मागावर प्रत्येक धाग्यावर एक पिन असते. धागा तुटला की पिन खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. पेशीत तसं काही नाही का?"

मला हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी इतका नेमका विचारला नव्हता. आहे. पी-५३ नावाचं प्रथिन आहे. डीएनए तुटला की ते वाढतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती झाली तर पुढं जाऊ देतं, नाही झाली तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हीच पिन बिघडलेली सापडते.

ते म्हणाले, "आमच्या पिना कापसाच्या भुसानं अडकतात. मग धागा तुटलेला असतो आणि माग चालूच."

मी त्यांना १९९६ सालचं एक काम सांगितलं. तंबाखूच्या धुरात बेन्झोपायरिन असतं. शरीरात त्याचं जे रूप बनतं ते पी-५३ च्या जनुकावर ठराविक जागी जाऊन चिकटतं, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात ते जनुक बिघडलेलं सापडतं तेही नेमकं त्याच जागी. ते गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले. मग खिशातून बिडीचं बंडल काढून शेजारच्याच्या हातात दिलं, आणि म्हणाले, "हे जरा धर, मी बाईंना अजून एक विचारतो."